कडबा, सरकी आणि नत्र

१

मेहकरहून सिंदखेडराजाच्या वाटेस लागलें म्हणजे लोणारकडे वळण्याच्या सुमारास सुलतानपूर हें बुलढाणा जिल्ह्यांतील गांव लागतें. लोणारचें खारें सरोवर पाहावयास जाणारे प्रवासी या गांवावरून जातात. पण येथें उतरून पाहण्याजोगें कांहीं असेल असें त्यांच्या मनांत सहसा येत नाहीं. आमचें म्हणणें निराळें आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत या गांवच्या कोणत्याहि गोठ्यासमोर घटकाभर उभें राहावें. तेथें जें दिसतें तें सरोवराइतकेंच नवलाचें आहे. शिवारांत हिरवें पान उरलेलें नसतें. काळ्या जमिनीस हात हात खोल भेगा पडलेल्या असतात. चराईसाठीं राखलेली सरकारी पडीत जमीन, जिला वऱ्हाडांत ‘ई-क्लास’ म्हणतात, तीवर धुळीवांचून कांहीं नसतें. आणि दावणीला बांधलेली गाय वाळलेला कडबा चघळीत, मधून मधून डोळे मिटून रवंथ करीत, शांतपणें उभी असते.

या कडब्यांत असतें काय? शंभर किलो कडब्यांत प्रथिनें म्हणावीं तर तीन-चार किलो. बाकीचा बहुतेक भाग काष्ठतंतूंचा. तो तंतु पचविण्याची शक्ति मनुष्याच्या पोटांत नाहीं, आणि इतक्या अल्प प्रथिनांवर मनुष्याचें शरीर टिकावयाचें नाहीं. गाय मात्र महिनेच्या महिने त्यावर काढते. तिचें अंग उतरतें, कातडी हाडांस लागते. तरी ती जगते, शेण देते, पोटांत वासरूं वाढविते, आणि पदरीं ओंजळभर सरकी किंवा ढेपेचा तुकडा पडला तर तांब्याभर दूधहि देते. ज्या वस्तूंत मांस आणि दूध घडविण्याचें द्रव्य जवळजवळ नाहीं त्या वस्तूपासून मांस आणि दूध घडतें कसें?

या साध्या प्रश्नाचें पुरतें उत्तर मिळण्यास युरोप-अमेरिकेंतील रसायनशास्त्राला सुमारें दीडशें वर्षें लागलीं. तें उत्तर हातीं येईपर्यंतच्या काळांत वऱ्हाडच्या गव्हाणींतून एक मोलाची वस्तु हळूहळू निघून गेली. या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाच्या दोन बाजू आहेत असें आम्हांस वाटतें, आणि म्हणून त्या एकत्र सांगण्याचें योजिलें आहे. ज्या घरांत सकाळीं दुधाचें पातेलें चुलीवर चढतें त्या प्रत्येक घराचा या हिशेबाशीं संबंध आहे.

२

इतिहासाचा आरंभ गाईपासून होत नाहीं, कुत्र्यांपासून होतो. पॅरिसांतील मॅजँदी नांवाच्या शरीरशास्त्रज्ञानें १८१६ सालीं कुत्र्यांस केवळ साखर व शुद्ध पाणी, तर कांहींस डिंक, लोणी किंवा ऑलिव्हचें तेल यांवर ठेविलें. पोट भरत होतें; तरी तीं जनावरें खंगत गेलीं आणि महिन्याभराच्या सुमारास मेलीं. या सर्व पदार्थांत एकच उणीव समान होती: त्यांत नत्र नव्हतें. मांस, रक्त, दुधांतील चोथा यांत जें मूलद्रव्य हटकून सांपडतें तें अन्नांतून आलेंच पाहिजे, असा संशय तेव्हांपासून बळावला.

पण नत्र तर आपल्या भोंवतीं सर्वत्र आहे. हवेच्या पांच भागांपैकीं जवळजवळ चार भाग नत्रच. मग वाळलेल्या गवतावर जगणारी गाय तें श्वासावाटें घेत नसेल कशावरून? हा प्रश्न फ्रान्समधील बूसँगो यानें हातीं घेतला. दक्षिण अमेरिकेंत कांहीं वर्षें काढून परत आलेला हा रसायनज्ञ आल्सास प्रांतांतील बेशेलब्रॉन येथें आपल्या शेतावर प्रयोग करीत असे. त्यानें एका दुभत्या गाईस मोजून गवत व बटाटे घातले; तिचें दूध, शेण व मूत्र हीं सर्व जमवून तोललीं, आणि आंत किती नत्र गेलें व बाहेर किती आलें याचा जमाखर्च मांडला. हा प्रयोग १८३९ सालीं प्रसिद्ध झाला. जमेपेक्षां खर्च अधिक निघाला नाहीं. गाय हवेंतून नत्र घेते असें मानण्याची गरज उरली नाहीं. तिला जें मिळतें तें गव्हाणींतून मिळतें, असें ठरलें. गोठ्यास हिशेबवही लावणारा हा पहिला मनुष्य होय असें म्हटल्यास चुकीचें होणार नाहीं. निरनिराळ्या वैरणी त्यांतील नत्राच्या मानानें एकमेकींच्या तोडीस बसविण्याचें कोष्टकहि त्यानेंच तयार केलें.

त्याच सुमारास, १८३८ सालीं, हॉलंडांतील मुल्डर यानें या नत्रयुक्त द्रव्यांना ‘प्रोटीन’ हें नांव छापून रूढ केलें. आपण त्यास प्रथिन म्हणतों. पुढें १८४२ सालीं जर्मनींतील लीबिगनें असा सिद्धांत मांडिला कीं, प्राण्याचें मांस आणि त्याचें श्रम या दोहोंचें मूळ प्रथिनांतच आहे. श्रमाविषयींचें त्याचें मत पुढें खोटें ठरलें, पण त्याच्या नांवाचा दरारा असा होता कीं वैरणीची किंमत म्हणजे तिच्यांतील नत्राची किंमत, हें समीकरण शेतकी शास्त्रांत दृढ झालें. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत केल्डाल यानें १८८३ सालीं नत्र मोजण्याची सोपी रीत काढली, तेव्हां तर हें काम कोणत्याहि साध्या प्रयोगशाळेंत होऊं लागलें. प्रथिनांत सरासरीनें शंभरांत सोळा भाग नत्र असतें. म्हणून नत्राचा जो आंकडा येईल त्यास सव्वासहांनीं गुणावें कीं झालें प्रथिन.

या रीतीची सोय मोठी, पण तिच्यांत एक खोट राहून गेली. नत्र कोणत्या रूपांत आहे हें ती विचारीत नाहीं. हिरव्या गवतांत, कोवळ्या अंकुरांत, मुळांत नत्राचा कांहीं भाग प्रथिन म्हणून नसतोच. तो ॲस्परॅजिनसारख्या साध्या द्रव्यांत असतो. असें नत्र गाईच्या अंगीं लागतें कीं वायां जातें? हा वाद युरोपांत चालू असतां इकडे वऱ्हाडांत काय घडत होतें तें आधीं पाहूं. कारण नत्राची किंमत तेथें दुसऱ्याच तराजूंत तोलली जाऊं लागली होती.

३

निजामानें १८५३ सालच्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, मँचेस्टरच्या गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीस एकाएकीं सोन्याचा भाव आला. खामगांवपर्यंतचा आगगाडीचा फांटा १८७० सालीं उघडण्यांत आला. त्या प्रसंगीं गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः आला होता. सुलतानपूरसारख्या आंतल्या गांवचा कापूसहि गाड्या भरभरून त्या बाजूस जाऊं लागला.

हा सारा इतिहास कापसाचा म्हणून लिहिला जातो. आम्हांस तो सरकीचा म्हणून वाचावासा वाटतो. त्यापूर्वीं कापूस घरींच पिंजला व कांतला जाई. त्यांतील सरकी काढण्याचें काम घरच्या बायका लांकडी रेच्यावर करीत. रुई विकली तरी सरकी घरांतच राही. त्यांतील चांगली निवडून बियाण्यास ठेवीत. उरलेली भिजवून आंबोणांत घालीत, आणि ती बैलांच्या व दुभत्या गाई-म्हशींच्या पोटांत जाई. वाफेवर चालणारे जिन आले, आणि शेतकरी रुईऐवजीं कापूसच सरकीसकट विकूं लागला. रेच्याचा आवाज घरांतून नाहींसा झाला. त्याबरोबर सरकीहि गेली.

यांत गेलें काय याचा साधा हिशेब करूं. शंभर किलो कापसांत सुमारें तिसरा हिस्सा रुई व दोन हिस्से सरकी निघते. रुई हा जवळजवळ शुद्ध काष्ठतंतु. तिच्यांत नत्र नाममात्र. ती बनते हवेंतील कर्बापासून व पावसाच्या पाण्यापासून, म्हणून ती परदेशीं गेली तरी शेताचें फारसें कांहीं जात नाहीं. सरकींत मात्र शंभरांत वीस भागांच्या आसपास प्रथिन असतें. म्हणजे शंभर किलो कापसाबरोबर सुमारें दोन किलो नत्र गांवाबाहेर जातें. हें नत्र गाईस घातलें असतें तर त्यांतला थोडा भाग दुधांत व वासरांत गेला असता आणि बहुतेक भाग शेणामुतावाटें पुन्हां शेतांत आला असता. मातींतून पिकांत, पिकांतून जनावरांत आणि जनावरांतून मातींत असें फिरणारें नत्राचें चाक गांवांतल्या गांवांत फिरत होतें. जिननें त्याचा एक आरा काढून घेतला.

गेलेली सरकी कोठें गेली? कांहीं मुंबईमार्गें थेट इंग्लंडांत. विसाव्या शतकाच्या आरंभीं हल बंदरांतील तेलाच्या गिरण्या हिंदी सरकीचे मोठे गिऱ्हाईक होत्या. तेथें तेल काढून उरलेली पेंड इंग्रजी गाईंच्या गव्हाणींत पडे. वऱ्हाडच्या मातींतील नत्र तिकडच्या लोण्यास व कुरणांस पोसूं लागलें. इंग्लंडच्या राजकीय कृषिसंस्थेचा रसायनज्ञ व्होल्कर हा १८८९ सालीं हिंदुस्थानांत पाहणीसाठीं आला होता. त्याचा अहवाल १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी अडाणी आहे हा समज त्यानें त्यांत खोडून काढला, आणि गळिताचीं बियाणीं देशाबाहेर जातात त्यांबरोबर जमिनीचा कसहि जातो, हा धोका दाखवून दिला. शेण जाळण्याविषयींहि त्यानें तळमळीनें लिहिलें. राज्यकर्त्यांच्याच माणसानें दिलेला हा इशारा होता. पण बाजाराचा ओघ अहवालानें अडत नाहीं.

४

आतां गाईच्या पोटाकडे वळूं. कारण सरकी गेल्यावरहि सुलतानपूरची गाय मेली नाहीं. कडब्यावर आणि तुरी-हरभऱ्याच्या कुटारावर तिनें दिवस काढले, आणि हें तिला साधलें कशाच्या बळावर, हेंच तर शास्त्रज्ञांना उमगत नव्हतें.

जर्मनींतील झुंट्झ यानें १८९१ सालीं एक तर्क मांडला. गाईचें पहिलें पोट, ज्यास आपल्याकडे कोटीपोट म्हणतात, तें पोट नसून एक आंबवणाचा रांजण आहे. त्यांत राहणारे सूक्ष्म जंतु साधें नत्र आपणच खाऊन टाकतात, आणि त्यामुळें वैरणींतील प्रथिनाची बचत होते, असा तो तर्क होता. तो पुष्कळ अंशीं खरा होता. पण सिद्ध होण्यास एक महायुद्ध व अर्धें शतक जावें लागलें. पहिल्या महायुद्धांत जर्मनीची समुद्रावरून नाकेबंदी झाली आणि बाहेरून येणारी पेंड थांबली. गाईंना घालावें काय? त्याच देशांत हवेंतील नत्रापासून अमोनिया करण्याची हाबरची कृति नुकतीच कारखान्यांत उतरली होती. मग त्या नत्रापासून झालेला युरिया गुरांस चारून पाहावा, ही कल्पना तेथील संशोधकांनीं उचलली. युरिया हें मूत्रांत सांपडणारें द्रव्य. त्यांत शंभरांत सेहेचाळीस भाग नत्र असतें. वूलर यानें तो १८२८ सालीं प्रयोगशाळेंत तयार केला होता, तेव्हां तो कधीं गाईच्या खाण्यांत येईल असें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत हार्ट व त्याचे सहकारी यांनीं १९३९ सालीं वाढत्या वासरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. प्रथिन कमी असलेल्या खाद्यावर जीं वासरें खुंटत होतीं, तीं त्याच खाद्यांत युरिया मिसळल्यावर वाढूं लागलीं. कॉर्नेल विद्यापीठांत लूसली व त्याचे सहकारी यांनीं १९४९ सालीं याहून सूक्ष्म गोष्ट दाखविली. ज्या मेंढ्यांच्या खाद्यांत नत्र म्हणून केवळ युरिया होता त्यांच्या कोटीपोटांत शरीरास आवश्यक अशीं दहाच्या दहा ॲमिनो आम्लें तयार होत होतीं. आणि फिनलंडमधील विर्तानेन, ज्यास १९४५ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें होतें, त्यानें तर गाईंच्या खाद्यांतून प्रथिन जवळजवळ काढूनच टाकलें. नत्र दिलें तें युरिया व अमोनियाच्या क्षारांतून. त्याचे निष्कर्ष १९६६ सालीं प्रसिद्ध झाले. त्याच्या उत्तम गाईनें अशा आहारावर एका वर्षांत चार हजार किलोंहून अधिक दूध दिलें होतें. बूसँगोच्या हिशेबवहीचा शेवटचा रकाना येथें भरला.

आतां जें कळलें तें थोडक्यांत असें. कोटीपोटांतील रसाच्या एका थेंबांत कोट्यवधि जंतु असतात. कडब्याचा तंतु गाय स्वतः पचवीत नाहीं. तो हे जंतु फोडतात, आणि त्यांतून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते. खाद्यांतील प्रथिनाचा मोठा भागहि ते फोडून त्याचा अमोनिया करतात, आणि त्याच अमोनियापासून आपलें शरीर घडवितात. मग ते रसाबरोबर वाहत पुढें चौथ्या पोटांत येतात आणि तेथें स्वतःच पचून जातात. शाकाहारी म्हणून जिची ख्याति ती गाय अशा रीतीनें आपल्या पोटांत वाढविलेल्या जंतूंवर पोसली जाते. आपण गाईला चारतों असें आपणांस वाटतें. वास्तविक आपण तिच्या पोटांतील या पाहुण्यांना जेवूं घालीत असतों, आणि गाय त्यांच्या पंक्तीनंतर जेवते.

वैशाखांतल्या गाईचें कोडें येथेंच सुटतें. जंतूंनीं न वापरलेला अमोनिया रक्तांत जातो. यकृत त्याचा युरिया करतें. इतर प्राण्यांत तो मूत्रावाटें निघून जातो. गाय, म्हैस, शेळी, उंट यांच्या शरीरांत मात्र त्याचा मोठा भाग लाळेवाटें व कोटीपोटाच्या भिंतींतून पुन्हां आंत येतो, आणि जंतु तो पुन्हां वापरतात. वैरणींत नत्र जितकें कमी, तितकें मूत्रपिंड युरियास अधिक धरून ठेवतें. उंटाच्या बाबतींत ही गोष्ट १९५७ सालीं, आणि मेंढीच्या बाबतींत त्यानंतर लौकरच, प्रयोगानें दाखविण्यांत आली. दुष्काळांतील काटकसरी गृहिणीप्रमाणें गाय तोच पैसा पुन्हां पुन्हां फिरविते. तिच्या लाळेंत सोड्याच्या जातीचा क्षार विपुल असतो, आणि तो कोटीपोटांतील आम्लता आवरून धरतो. लोणारच्या सरोवरांतील पाण्यास खारटपणा देणाऱ्या क्षारांत याच जातीचे क्षार आहेत, हा योगायोग सुलतानपूरच्या वाचकांस गमतीचा वाटेल.

परंतु काटकसरीसहि सीमा असते. खाद्यांतील प्रथिनाचें प्रमाण शंभरांत सुमारें सातांच्या खालीं गेलें कीं जंतूंची उपासमार होते. ते तंतु फोडीनासे होतात, कडबा पोटांत तसाच पडून राहतो, आणि पुढ्यांत वैरण असूनहि गाय खाईनाशी होते. पाहणारास वाटतें कीं जनावर खोडकर झालें. अशा वेळीं मूठभर सरकीनें जो चमत्कार घडतो तो सरकीच्या पोषणापेक्षां मोठा असतो. त्या मुठीनें आधींच पोटांत असलेला कडबा पचूं लागतो. आमच्या आज्यांना जंतु ठाऊक नव्हते, पण कोरड्या कडब्यावर ओंजळभर आंबोण घालण्याचें त्यांचें व्रत या शास्त्रानें खरें ठरविलें आहे.

५

हें ज्ञान आपल्या देशांत कोणत्या वाटेनें आलें? हिंदी वैरणी व पेंडी यांचें पृथक्करण करून त्यांचीं कोष्टकें तयार करण्याचें काम बंगलोर, लायलपूर व इज्जतनगर येथील संस्थांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच झालें होतें. स्वातंत्र्यानंतर खतांचे कारखाने निघाले. मुंबईजवळ ट्राँबे येथील कारखाना १९६५ सालीं सुरू झाला, आणि युरियाचें पोतें महाराष्ट्राच्या खेड्यांत ओळखीचें झालें. तो युरिया शेताबरोबर गोठ्यांतहि उपयोगी पडावा म्हणून आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें १९८० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ लेंग यांच्या साह्यानें युरिया, उसाची मळी, मीठ व खनिजें यांची चाटण-वीट प्रचारांत आणली. दुसरी रीत काडाची: शंभर किलो वाळल्या काडास चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यांत विरघळवून शिंपडावा, ढीग दाबून झांकावा, आणि तीन आठवड्यांनीं उघडावा. अमोनियाच्या योगानें तंतु सैल पडतो आणि नत्राचें प्रमाणहि वाढतें.

येथें सावधगिरीचे दोन शब्द लिहिणें आम्ही कर्तव्य समजतों. युरियापासून कोटीपोटांत अमोनिया त्वरित सुटतो. जंतूंना तो वापरावयाचा तर त्याच वेळीं मळी किंवा धान्य यांसारखें पचनसुलभ पिष्टमय अन्न हवें. तें नसेल तर अमोनिया रक्तांत भरतो, जनावर थरथरतें, तोंडास फेंस येतो, आणि घटकेंत कोसळतें. म्हणून वीट चाटावयाची असते, फोडून चारावयाची नसते; युरियाचें पाणी कधीं पाजूं नये; उपाशी जनावरास, लहान वासरास आणि रवंथ न करणाऱ्या जनावरास तो मुळींच देऊं नये. अमोनियाचा वेग आणि जंतूंच्या भुकेचा वेग यांचा मेळ बसला तर तेंच द्रव्य अन्न, आणि न बसला तर विष.

पेंडींतहि याच वेगाचा भेद आहे. भुईमुगाच्या पेंडींतील प्रथिन कोटीपोटांत लौकर फुटतें. सरकीच्या ढेपेंतील त्या मानानें सावकाश फुटतें, आणि त्याचा बराच भाग न फुटतां पुढच्या पोटांत पोंचून थेट गाईच्या उपयोगीं पडतो. तांब्याभर दूध देणाऱ्या गांवठी गाईस जंतूंपासून मिळणारें प्रथिन बहुधा पुरतें. दहा-पंधरा लिटर देणाऱ्या संकरित गाईस तें पुरत नाहीं, तिला असें निसटून पुढें जाणारें प्रथिन लागतें. सरकींत गॉसिपॉल नांवाचें एक विषारी द्रव्यहि असतें. कोंबड्यांना व वासरांना तें बाधतें, पण मोठ्या गाईच्या कोटीपोटांत त्याचा जोर बराचसा मोडतो. सरकी आणि गाय यांची जोडी अशी जुनी व जुळलेली आहे.

केल्डालच्या रीतींतील खोट मात्र पुढें बाजारानें नेमकी हेरली. नत्र मोजून प्रथिन ठरत असेल, तर निकृष्ट पेंडींत युरिया मिसळला कीं आंकडा आपोआप वाढतो. दुधांत मेलॅमीन मिसळून हाच आंकडा फुगविण्याचें दुष्कृत्य चीन देशांत २००८ सालीं उघडकीस आलें. त्यांत तान्हीं मुलें दगावलीं. प्रथिनाचा आंकडा खरा आणि प्रथिन खोटें, असें हें विपरीत घडलें. नत्राची केवळ मोजदाद म्हणजे पोषण नव्हे, हा धडा शास्त्रज्ञांस गाईनें पूर्वींच शिकविला होता. समाजास तो फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

६

सुलतानपूरच्या गोठ्याकडे परत जाऊं. आज त्या परिसरांत ज्वारीची जागा सोयाबीननें मोठ्या प्रमाणांत घेतली आहे. ज्वारी माणसाला भाकर आणि गुरांना कडबा अशी दोन्ही हातांनीं देत असे. सोयाबीनचें कुटार राहतें, पण तें कडब्याची बरोबरी करीत नाहीं. आणि त्याच्या दाण्यांतील जें उत्तम प्रथिन, तें तेल काढल्यावर पेंडीच्या रूपानें कोंबड्यांच्या कारखान्यांकडे व परदेशाकडे जातें. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं सरकीचें जें झालें तेंच आज सोयाबीनचें होत आहे. सरकी मात्र ढेप होऊन गांवांत परत येते, पण विकत. तिचा भाव गांव ठरवीत नाहीं. २००० नंतरच्या काळांत तर सरकी-ढेपेचे वायद्याचे सौदे होऊं लागले आणि अकोला हें त्यांतील भावाचें केंद्र धरलें गेलें. जी वस्तु एके काळीं घरच्या रेच्याखालीं पडत होती तिची किंमत पुढच्या महिन्याच्या तारखेवर ठरूं लागली. ढेप महागली आणि दुधाचा भाव तसाच राहिला कीं पहिला घाला पडतो तो ओंजळभर आंबोणावर. आणि आंबोण तुटलें कीं कडबाहि पचत नाहीं हें आपण वर पाहिलेंच आहे. दोन-चार जनावरें बाळगणाऱ्या कुटुंबाचा सारा हिशेब या एका ओंजळीशीं येऊन थांबतो.

जुना काळ परत यावा असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. रेचा परत यावयाचा नाहीं. आणि रेच्यावर दिवसभर बसणाऱ्या बाईचे हात काय सोसत होते हें विसरून त्या दिवसांचें कौतुक करणें अन्यायाचें होईल. पण नत्राचें चाक गांवांत फिरतें ठेवण्याचे मार्ग आज पूर्वींपेक्षां अधिक ठाऊक आहेत. धुऱ्यावर शेवरी-सुबाभूळ लावली तर त्यांच्या मुळांवरील जंतु हवेंतील नत्र फुकट बांधतात, आणि पाला उन्हाळ्यांतहि हिरवा मिळतो. तुरीचें व हरभऱ्याचें कुटार न जाळतां राखलें, काडावर युरियाची प्रक्रिया जाणत्याकडून शिकून घेतली, शेणाबरोबर गोमूत्रहि खड्ड्यांत मुरविलें, तर ढेपेवरचा भार हलका होतो. हवेंतून नत्र घेण्याची जी शक्ति बूसँगोला गाईंत दिसली नाहीं ती द्विदल वनस्पतींच्या मुळांशीं आहे. गाईची थोरवी तें टाकाऊ रूपांतून उचलून उपयोगी करण्यांत आहे. या दोघांची गांठ घालून देणें हें शेतकऱ्याचें काम.

आणि शहरांतील वाचकांचें काम काय? दुधाच्या भावाची चर्चा करतांना ढेपेचा भाव विचारावा, एवढें तरी त्यांना करतां येईल. वैशाखांत सुलतानपूरच्या गोठ्यांत उभी असलेली ती गाय डोळे मिटून रवंथ करते, तेव्हां ती स्वस्थ बसलेली नसते. दीडशें वर्षें शास्त्रज्ञांना न उलगडलेला एक उद्योग तिच्या पोटांत अखंड चालू असतो, आणि त्याला लागणारें भांडवल म्हणजे ओंजळभर नत्र. तेवढें तिच्या गव्हाणींत उरूं द्यावें.